डिसेंबरात पास, मे महिन्यात नापास: नागपूरच्या एका ओव्हरक्लॉक मशीनचं प्रकरण

मशीन लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या नागपुरातल्या एका छोट्या स्टुडिओचं. रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक आणि दोनशे वॉट खाणारं ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट पुढून काचेचं, दिव्यांचं, दिसायला झकास. तक्रार मालकाच्याच शब्दांत सांगायची तर, "रात्री रेंडर लावून जातो भाऊ, अन् सकाळी येऊन पाहतो तं मशीन आपोआप रिस्टार्ट होऊन रायलं. दिवसा कायीच नाही होत."

हे 'दिवसा काहीच नाही' ऐकून आधी दोघातिघांनी उष्णतेची शंका सोडून दिली होती. मे महिन्यात नागपुरात दुपारी पारा ४५ च्या घरात असतो, रात्री त्यामानाने कमी. उष्णतेमुळे बंद पडायचं तर दुपारी पडायला हवं, हा तर्क वरवर बिनचूक आहे. शिवाय प्रोसेसरचं तापमान स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम दिसायचं आणि ते रेंडर चालू असतानाही ७२-७३ अंशांच्या वर जात नव्हतं. ५६००एक्सची कमाल मर्यादा ९५ अंश. म्हणजे भरपूर जागा शिल्लक. मग पॉवर सप्लाय बदलून पाहिला, यूपीएस बदलला, विंडोज नव्याने टाकलं. रिस्टार्ट सुरूच.

मशीनचा इतिहास विचारला तेव्हा चित्र थोडं उलगडलं. डिसेंबरात असेंबल करताना एका हौशी माणसाने ते ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, दिलं होतं आणि काम कच्चं केलं नव्हतं. रात्ररात्र टेस्ट चालवल्या, एकही चूक आली नाही, मगच ताब्यात दिलं. तेव्हा प्रोसेसरवर उभा टॉवर कूलर होता. मार्च संपता संपता प्रोसेसर नव्वदीला टेकू लागला, म्हणून एप्रिलमध्ये टॉवर काढून २४० मिलिमीटरच्या रेडिएटरचा वॉटर कूलर बसवला. कॅबिनेटच्या छताला रेडिएटर मावत नव्हता, तो पुढे लागला. प्रोसेसर थंड झाला, सगळे खूश झाले. रिस्टार्टचा त्रास त्यानंतर पंधरवड्यात सुरू झाला, पण या दोन गोष्टींचा संबंध कुणी लावला नाही. कूलिंग सुधारल्यावर मशीन बिघडेल, असं कुणाच्या मनात येईल?

नेमकं काय वाढवलं होतं

ओव्हरक्लॉक दोन जागी होतं आणि ते वेगवेगळं समजून घ्यावं लागतं.

प्रोसेसरचं साधं होतं. ५६००एक्सचा मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ, बूस्ट ४.६ पर्यंत. सगळ्याच कोअरवर भार आला की तो आपोआप ४.६ च्या खाली उतरतो. इथे सहाही कोअर ४.६ वर बांधून ठेवले होते आणि त्यासाठी व्होल्टेजही कायमचं चढवलेलं होतं. वेग वाढला की वीज त्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढलं की ती वर्गाच्या हिशेबाने वाढते: १.२० व्होल्टचे १.३० केले तर नुसत्या त्यानेच सतरा टक्के जास्त उष्णता. मार्चमधली नव्वदी तिथून आली होती.

मेमरीची गोष्ट जास्त रंजक. स्टिक ३६०० च्या वेगाच्या होत्या, कंपनीच्या प्रोफाइलप्रमाणे सीएल (माहिती मागितल्यापासून मिळेपर्यंतचे घड्याळाचे ठोके) १६ आणि १.३५ व्होल्ट. त्यावर समाधान न मानता टायमिंग हाताने आवळलं होतं: सीएल १४, टीआरएफसी २७० आणि व्होल्टेज १.४५. डीडीआर४ चं मानक व्होल्टेज १.२ आहे हे इथे लक्षात ठेवायचं.

टीआरएफसी हा आकडा बहुतेकांना माहीत नसतो, आणि या प्रकरणात तोच मुख्य आरोपी आहे. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. हा कपॅसिटर गळक्या माठासारखा: भरून ठेवला तरी झिरपत राहतो. म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. त्यासाठी मेमरी कंट्रोलर दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेशचा हुकूम सोडतो आणि प्रत्येक हुकमाला जेवढा वेळ राखून ठेवलेला असतो तो टीआरएफसी. तेवढा वेळ मेमरीचा तो भाग दुसरं काही काम करत नाही. या स्टिकमधल्या ८ गिगाबिटच्या चिपसाठी मानकाप्रमाणे हा वेळ ३५० नॅनोसेकंद. ३६०० च्या वेगावर, म्हणजे १८०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर, ६३० ठोके. इथे ठेवले होते २७० ठोके, म्हणजे १५० नॅनोसेकंद. रिफ्रेशमध्ये जाणारा वेळ साडेचार टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आत आला. फायदा खरा आहे, नाकारत नाही. पण त्यासाठी माठ घाईघाईत, काठोकाठ न भरताच ठेवला जातो.

आणि हे झिरपणं तापमानाबरोबर झपाट्याने वाढतं. म्हणूनच डीडीआर४ च्या मानकात ८५ अंशांच्या वर रिफ्रेश दुपटीने करायला सांगितलं आहे. "रॅम ८५ अंशांपर्यंत चालते, पन्नासला काय होतंय?" असं सर्रास म्हटलं जातं. ८५ ची हमी मानक टायमिंगला असते. टायमिंग आवळून ती शिल्लक आधीच खर्च केली असेल तर बिघडायला पन्नाशीही पुरते. या जातीच्या वेगवान चिप चढ्या व्होल्टेजवर सुरेख पळतात आणि ४५-५० अंशांच्या पुढे अचानक चुकू लागतात, हे मेमरी ओव्हरक्लॉक करणाऱ्यांमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबरात नागपूरच्या रात्री त्या रेषेजवळ जाणं शक्यच नव्हतं.

तपास

आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी 'व्हिया' नावाची नोंद असते. रायझनमध्ये मेमरी आणि कोअर यांना जोडणारा इन्फिनिटी फॅब्रिक झेपेल त्यापेक्षा जास्त पळवला की तिथे १९ क्रमांकाच्या नोंदींचा पाऊस पडतो. इथे एकही नव्हती, म्हणजे फॅब्रिकचा १८०० चा वेग निर्दोष. निळ्या स्क्रीनची कारणं मात्र दर वेळी वेगळी: कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट', कधी ग्राफिक्स ड्रायव्हरवर ठपका. एकच ड्रायव्हर बिघडला असेल तर तोच तोच संदेश येतो. रोज नवा आरोपी दिसू लागला की रॅमकडे वळावं.

रॅम आधीही तपासली होती म्हणे. खरंच तपासली होती: पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं आणि शून्य चुका आल्या. ही टेस्ट उत्तम आहे, फक्त ती चालू असताना ग्राफिक्स कार्ड झोपलेलं असतं. रेंडर करताना ते दोनशे वॉट उष्णता कॅबिनेटमध्ये ओतत असतं. आजकालच्या कार्डांचे पंखे गरम हवा मागून बाहेर न टाकता तिथेच चहूबाजूंना फेकतात आणि ती वर चढते. वर काय असतं? रॅमचे स्लॉट.

म्हणून टेस्ट दुसऱ्या पद्धतीने घेतली. संध्याकाळी स्टुडिओ बंद व्हायच्या वेळी, खिडक्या लावून आणि डेझर्ट कूलर बंद करून. रात्रीच्या रिस्टार्टचं कोडंही तिथेच सुटलं. दिवसभर खोलीत कूलर चालतो. विदर्भातल्या कोरड्या हवेत तो खोली दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो. रात्री जाताना टाकीतलं पाणी संपेल म्हणून तो बंद, शटर खाली, आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली मशीन एकटं. थर्मामीटर ठेवला तर बंद खोलीत रात्री दहाला ३७ अंश. बाहेर वारा सुटलेला, आत भट्टी.

या स्टिकवर तापमापक होता, त्याचा आकडा एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये दिसतो. डीडीआर४ मध्ये तो प्रत्येक स्टिकवर असतोच असं नाही, आणि नसेल तर हा सगळा तपास अंधारात करावा लागतो. विंडोजमध्येच चालणारी टेस्टमेम५ ही मेमरी टेस्ट सुरू केली. नुसत्या मेमरी टेस्टने स्टिक ४७ च्या आसपास जाऊन स्थिरावल्या, चूक नाही. मग ग्राफिक्स कार्डावरही पूर्ण भार टाकला. आकडा सावकाश चढत गेला आणि ५२ ओलांडल्यावर पहिली चूक आली. ५५ ला पोचेपर्यंत चुकांची रांग लागली. प्रोसेसर त्या वेळीही सत्तरीत निवांत होता.

यावरून अजून काही सिद्ध झालं नव्हतं. ग्राफिक्स कार्डावर भार आल्याने पॉवर सप्लाय डगमगतो आहे, असंही कुणी म्हणू शकलं असतं. म्हणून सेटिंग जसंच्या तसं ठेवून कॅबिनेटची बाजू काढली आणि घरगुती टेबलफॅन थेट रॅमवर सोडला. भार तोच, व्होल्टेज तेच, खोली तीच. स्टिक ४४ ला उतरल्या आणि चुका थांबल्या. पंखा बंद केला, पुन्हा आल्या. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची टेस्ट हीच, कारण तिच्यात एकच गोष्ट बदलली होती.

आता वॉटर कूलरचा भाग. टॉवर कूलरचा पंखा रॅमच्या अगदी शेजारी असतो, बऱ्याचदा स्टिकच्या डोक्यावरच. तो प्रोसेसरसाठी हवा ओढतो ती स्टिकच्या अंगावरून, आणि मदरबोर्डवरच्या वीज नियंत्रित करणाऱ्या भागालाही वारा मिळतो. कुणी मुद्दाम ठरवलेलं नसतं, पण मिळतो. तो काढून तिथे पंपाचा छोटा ठोकळा बसवला की त्या कोपऱ्यात हवा हलणंच थांबतं. इथे तर रेडिएटर पुढे होता, म्हणजे कॅबिनेटमध्ये येणारी हवा प्रोसेसरची उष्णता घेऊनच आत येत होती. पुढची काच, बाजूला बोटभर फट आणि बाहेर काढायला मागे एकच पंखा. प्रोसेसरचे वीसेक अंश उतरले त्याची किंमत रॅमने मोजली, आणि ती मोजताना स्क्रीनच्या कोपऱ्यात तो आकडा कुणाला दिसत नव्हता.

काय बदललं, काय नाही बदललं

मालकाला एका दुकानदाराने ४००० ची नवी रॅम सुचवली होती; "जास्त वेगाची घ्या, ती ताण सहन करते" या हिशेबाने. हा सल्ला मी जोरात खोडला. रायझनच्या या पिढीत मेमरी, तिचा कंट्रोलर आणि फॅब्रिक हे तिन्ही एकाच घड्याळावर चालले तर फायदा असतो. ३६०० ला ते १८०० वर आरामात जुळतात, ३८०० ला १९०० वर बऱ्याच प्रोसेसरना जमतं, ४००० साठी लागणारा २००० चा फॅब्रिक फार थोड्यांना झेपतो. नाही जमलं तर कंट्रोलर अर्ध्या वेगावर उतरतो आणि प्रतिसादाला उशीर होतो. शिवाय साधा भागाकार करून पाहा: ३२०० ला सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, ३६०० ला सीएल १६ म्हणजे ८.९, आणि ४००० ला सीएल १८ म्हणजे ९. डब्यावरचा आकडा मोठा, उशीर तेवढाच, त्यात घड्याळ जुळलं नाही तर आणखी तोटा.

म्हणून ३६०० तसंच ठेवलं. सीएल १४ चं १६ केलं, टीआरएफसी २७० वरून ४३२ वर नेलं, म्हणजे २४० नॅनोसेकंद, आणि व्होल्टेज १.३८ वर आणलं. नुसत्या व्होल्टेजच्या वर्गाचा हिशेब धरला तरी स्टिकची स्वतःची उष्णता दहाएक टक्क्यांनी कमी होते. प्रोसेसरचे बांधून ठेवलेले ४.६ सोडून दिले. वेग प्रोसेसरलाच ठरवू देणारी पीबीओ ही सोय चालू करून तिच्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेजच्या सेटिंगमध्ये थोडा उणे आकडा दिला. त्याने कमी व्होल्टेजवर जवळपास तोच वेग मिळतो. हे करताना भारी टेस्टवर विसंबू नये, कारण कर्व्ह ऑप्टिमायझरचा अतिरेक बहुधा मशीन रिकामं बसलेलं असताना, एखादाच कोअर पूर्ण वेगाने उडी मारताना उघडा पडतो. त्यासाठी ते काही दिवस नेहमीच्या कामातच वापरून पाहावं लागतं.

कूलिंगबाबत माझं मत होतं की टॉवर कूलर परत बसवावा. मालक तयार होईना. नवीन घेतलेली वस्तू डब्यात परत घालायची म्हणजे जिवावर येतं, आणि ग्राहक स्टुडिओत येतात तेव्हा दिव्यांचा पंप दिसायला हवा, हेही त्याने मोकळेपणाने सांगितलं. ठीक आहे. मग पुढची काच काढून जाळी लावली, छताला हवा बाहेर टाकणारे दोन पंखे बसवले आणि एक १२० मिलिमीटरचा पंखा केबल टायने बांधून थेट रॅमच्या समोर आणला. दिसायला ओबडधोबड, पण सगळ्यांत जास्त गुण त्यालाच आला. डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर सरळ येत होता तोही वळवला. त्याच्याबरोबर पॅडमधला भुसा आणि पाण्याचे शिंतोडे येतात, रेडिएटरच्या पत्र्यांत अडकलेला तो भुसा ब्रशने काढावा लागला होता.

नवी परीक्षा मुद्दाम वाईटात वाईट परिस्थितीत घेतली: भर दुपारी, कूलर बंद, खोली ३९ अंश, मेमरी टेस्ट आणि ग्राफिक्सचा भार एकाच वेळी. स्टिक ४८ च्या आत राहिल्या. नंतर रॅमवरचा पंखाही बंद करून पाहिलं, उद्या तो अडकला तर काय, म्हणून. तापमान पन्नाशीच्या बरंच वर गेलं, तरी चूक आली नाही. टीआरएफसी सैल केल्याचा उपयोग तो.

आणि गमावलं किती? तासाभराच्या फिल्मच्या रेंडरमध्ये मिनिटभराचाही फरक पडला नाही. त्यात नवल नाही. फिल्मचं अंतिम एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डातला स्वतंत्र भाग करतो, त्याला रॅमच्या दोन-चार नॅनोसेकंदांशी देणंघेणं नाही. सेव्हन-झिपने फायली दाबण्यासारख्या कामात किंवा प्रोसेसरवर अडणाऱ्या गेममध्ये आवळलेल्या टायमिंगचा फायदा मोजता येण्याइतका दिसतो. लग्नाच्या व्हिडिओंसाठी तो सगळा खटाटोप गैरलागू होता.

फायलींचं काय

रिस्टार्ट थांबले म्हणून मालक निश्चिंत झाला. मला खरी काळजी पुढची होती. निळी स्क्रीन येते तेव्हा बिट नेमका एखाद्या नाजूक जागी उलटलेला असतो. त्याआधी कितीतरी बिट गुपचूप उलटून गेलेले असू शकतात, आणि साध्या रॅममध्ये ईसीसी, म्हणजे चुका ओळखून दुरुस्त करणारी सोय, नसल्यामुळे त्याची नोंद कुठेच होत नाही. फाइल कॉपी होतानाही तिचे तुकडे रॅममधूनच जातात. कॅमेऱ्याची कार्डं तर केव्हाच फॉरमॅट होऊन पुढच्या लग्नाला गेली होती.

सुदैवाने प्रत्येक लग्नाचा माल दोन हार्ड डिस्कवर असायचा. पण इथे एक बारीक प्रश्न विचारावा लागतो: दुसरी प्रत कार्डावरून केली की पहिल्या प्रतीवरून? पहिल्या प्रतीवरून केली असेल तर पहिलीतली चूक दुसरीत इमानदारीने उतरलेली असते आणि दोन्ही जुळतात. सराई सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या फायलींचे एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारे ठसे, काढून ताडून पाहिले. बहुतेक जुळल्या. ज्या जुळल्या नाहीत त्यांच्या दोन्ही प्रती एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅममधून पूर्ण डिकोड करून, म्हणजे फ्रेमन्‌फ्रेम उलगडून, चूक कुठे येते ते पाहिलं आणि चांगली प्रत राखली. एकाच्या हळदीच्या क्लिपमध्ये मात्र काही फ्रेमवर हिरवट पट्टा होता, तोही दोन्ही डिस्कवर सारखाच. तिथे दुसऱ्या कॅमेऱ्याचा शॉट वापरून वेळ निभावली. फोटोंची एक झिप फाइल उघडेना. फोटोग्राफरकडे मूळ फोटो होते, ती परत मागवली.

हॅश जुळणं हाही पूर्ण निर्वाळा नाही, त्यामुळे त्या काळात पहिल्या प्रतीवरूनच दुसरी प्रत केलेल्या सगळ्या क्लिप डिकोड करून घेतल्या. मशीन दोन रात्री तेच करत बसलं होतं, आणि या वेळी सकाळी ते चालू अवस्थेत सापडलं.

पुढच्या वर्षी डीडीआर५ चं मशीन घ्यायचा मालकाचा विचार आहे, त्यातली रॅम 'स्वतःच चुका दुरुस्त करते' असं त्याने ऐकलंय. ते अर्धंच खरं. डीडीआर५ मधली दुरुस्ती चिपच्या आतल्या आत होते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे घडतं त्यावर तिचा पहारा नाही. त्यासाठी वेगळी ईसीसी रॅम आणि तिला साथ देणारा मदरबोर्ड लागतो. उष्णतेचा प्रश्नही मिटत नाही: व्होल्टेज १.१ वर आलं असलं तरी वीज नियंत्रित करणारी चिप आता मदरबोर्डवरून उचलून स्टिकवरच बसवली आहे, तिची उष्णता तिथेच. शिवाय रिफ्रेशच्या दोन हुकमांमधलं अंतर या मशीनच्या बायोसमध्ये बदलताच येत नव्हतं, ते नव्या मदरबोर्डवर बदलता येतं. ६००० च्या रॅमला ते मानकाप्रमाणे ११,७०० ठोक्यांच्या आसपास असतं. हौशी मंडळी सर्रास ६५,५३५ टाकतात, म्हणजे साडेपाच पटींहून जास्त, आणि तेवढा वेळ माठ झिरपतच राहतो. एक बरं आहे, डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकवर तापमापक असतो. तो आकडा प्रोसेसरच्या शेजारी स्क्रीनवर लावून घ्यायला आणि नवं मशीन दिवाळीत घेतलं तरी त्याची आवळाआवळ मे महिन्यापर्यंत थांबवायला मी त्याला सांगितलंय.